आमदारांच्या पीएचा पहिला डिसेंबर : नागपूर अधिवेशन, २०२३

२०२३ च्या सप्टेंबरात मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांकडे स्वीय सहाय्यक, म्हणजे पीए, म्हणून लागलो. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच लिहितो. मतदारसंघ वऱ्हाडातला, कापूस, तूर, सोयाबीन आणि थोडी संत्री. त्याआधी मी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात अर्ज लिहिणं आणि फोन घेणं एवढं काम करायचो, त्यामुळे तहसील आणि पंचायत समिती चांगली माहीत होती. विधिमंडळ मात्र टीव्हीवर पाहिलेलं तेवढंच. हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं तेव्हा पीएनं नेमकं काय करायचं असतं हे कुणी लिहिलंय का म्हणून खूप शोधलं. नियमांची पुस्तकं मिळाली. पण रात्री साडेअकराला मंत्रालयातला निरोप, लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि दवाखान्यातला पेशंट एकदमच समोर आले तर आधी काय हातात घ्यायचं, हे त्या पुस्तकांत नसतं. तो महिना आता पार पडलाय. पुढे माझ्यासारखं कुणी नवीन या कामात येईल त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे डिसेंबरच्या अधिवेशनाचं काम दिवाळीच्या आधीच सुरू होतं. तारांकित प्रश्न बरेच आधी पाठवावे लागतात. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. विधानसभेत २८८ सदस्य, प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यामुळे आपला प्रश्न यादीत कितवा लागतो यावर बरंच अवलंबून असतं. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: अमुक ठिकाणी अमुक झालं, हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. पहिल्या भागात गाव, तारीख आणि शासन निर्णयाचा क्रमांक घातला की उत्तर देणाऱ्याला मोघम बोलता येत नाही. म्हणून कागद जमवायला वेळ ठेवा. एका प्रश्नासाठी दोन-तीन कार्यालयांत जावं लागतं आणि दिवाळीच्या आठवड्यात खुर्चीवर माणूस सापडत नाही.

आमचा मुख्य प्रश्न दवाखान्याचा होता. तालुक्याच्या गावात तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. ते पन्नास खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करायला मंजुरी मिळाली, नवी इमारत उभी राहिली, रंगसुद्धा झाला. पण वाढीव पदांना मंजुरी नाही, म्हणून नव्या इमारतीत जुनाच स्टाफ. हाडांचे डॉक्टर नाहीत, भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात. पडून पाय मोडला, अपघात झाला की पेशंट पुढे पाठवायचा, एवढंच तिथं होत होतं. भाऊ हा विषय दोन वर्षांपासून लावून धरत होते. माझ्याकडे त्याची फाइल आली तेव्हा तीत नुसती आमची पत्रं होती. कोणत्या पत्राचं पुढं काय झालं याची नोंद कुठंच नव्हती. त्या दिवसापासून मी एक जाड वही केली. डाव्या पानावर पत्र कुणाला, कधी, आवक क्रमांक किती. उजव्या पानावर पुढे काय झालं ते. महिनाभर सगळ्यात जास्त कामाला ती वहीच आली.

२६ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री अवकाळी पाऊस आला. आमच्या भागातल्या काही गावांत गारा पडल्या. वेचणीला आलेला कापूस बोंडातच भिजला, तूर फुलोऱ्यात होती तिचं फूल गळून पडलं. सोमवारी पहाटेपासून भाऊंचा फोन वाजत होता. आम्ही गाडी काढली आणि शिवारात गेलो. एका शेतात म्हाताऱ्या बाई ओला कापूस साडीवर पसरून त्यातली पानं निवडत होत्या. भाऊ खाली बसले, त्यांच्याशी बोलत थोडा वेळ तेच काम करू लागले. तेवढ्यात कुणी तरी फोटो काढायला लागलं तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

अशा वेळी पीएनं काय करायचं ते सांगतो. तेव्हा पीक विम्याची पूर्वसूचना, म्हणजे नुकसान झाल्याची विमा कंपनीला खबर, नुकसानीनंतर ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. त्या वर्षी खरिपापासून विमा एक रुपयात झाल्यामुळे बहुतेकांनी काढलेला होता, पण पूर्वसूचना द्यायची असते हे पुष्कळांना ठाऊक नव्हतं. टोल फ्री नंबर लागत नव्हता. आम्ही कार्यालयात चार पोरं मोबाइल घेऊन बसवली आणि अॅपवरून एकेकाची नोंद करून दिली. पावतीचा स्क्रीनशॉट त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर पाठवायचा, हे त्यात महत्त्वाचं. दुसरं, सरकारी मदतीचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात आणि विम्याची पाहणी वेगळी असते. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं लोक धरून चालतात. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे साध्या भाषेत टाकलं तर पुढची बरीच धावपळ वाचते.

दिवसा शेतं आणि संध्याकाळी लग्नं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नांचा धडाका सुरू होतो आणि प्रत्येक घराला वाटतं, भाऊंनी अक्षता टाकायला यावंच. एका तिथीला इतकी आमंत्रणं असतात की सगळीकडे जाणं शक्यच नाही. मी गावांच्या रस्त्याप्रमाणे क्रम लावायचो. जिथं जाता येणार नाही तिथं दुसऱ्या दिवशी भाऊंचा स्वतःचा फोन. हा फोन पीएनं केलेला चालत नाही. आणि लग्नाआधी मयताच्या घरी जायचं, हा भाऊंचा ठरलेला नियम. तो मला पटला. लग्नघरी आमदार नसला तरी लग्न लागतं.

६ डिसेंबरला सकाळी तालुक्याला महापरिनिर्वाण दिनाचं अभिवादन झालं आणि दुपारी आम्ही नागपूरला निघालो. अधिवेशन ७ तारखेला, गुरुवारी सुरू होणार होतं. सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासात भाऊंची खोली. खोली आमदाराची असली तरी झोपतात कार्यकर्ते, पेशंटचे नातेवाईक, मोर्चाला आलेली माणसं. मी खाली गादीवर. नागपूरची डिसेंबरची थंडी फरशीतून अंगात येते, तेव्हा स्वतःचं ब्लँकेट न्याच. जवळच्या सीताबर्डीत लॉज असतात, पण अधिवेशनात त्यांचे दर चढतात आणि जागा मिळणं मुश्कील होतं. माझे स्वतःचे जेवणखाण, ऑटो आणि झेरॉक्सवर महिन्यात आठ-नऊ हजार रुपये जादा गेले. झेरॉक्सचा हिशेब रोजच्या रोज लिहा, नाही तर शेवटी आठवत नाही.

पासचं काम आदल्या दिवशीच उरकायचं. पीएचा पास, ड्रायव्हरचा पास, गाडीचा पास हे सगळे वेगवेगळे. आमदारांच्या लेटरहेडवर पत्र, फोटो, आधारची प्रत, आणि प्रत्येकाचे दोन-दोन जादा संच सोबत. पहिल्या दिवशी सकाळी पासच्या रांगेत उभं राहिलं की सभागृह सुरू होऊन तास उलटला तरी तुम्ही बाहेरच असता.

पहिला दिवस शोकप्रस्तावांचा आणि पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांचा. त्या दिवशी सरकारनं ५५,५२० कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. त्याची जाडजूड पुस्तकं हातात येतात. विभाग, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यावर पडतो त्याचा सांकेतिक क्रमांक), रक्कम, अशी रांगच्या रांग. आपल्या मतदारसंघातलं एखादं काम त्यात आहे का हे त्याच रात्री पाहायचं, कारण सकाळी सातला सरपंच विचारतात. मला सुरुवातीला लेखाशीर्षाच्या आकड्यांतून काहीच कळेना. आमदार निवासात वरच्या मजल्यावर एक जुने पीए होते, वीसेक अधिवेशनं पाहिलेले. त्यांनी रात्री बारापर्यंत बसून पुस्तक कसं वाचायचं ते शिकवलं. नवीन माणसानं अशा जुन्या पीएंना आदबीनं विचारावं. पक्ष कुठलाही असो, ते सांगतात.

मग दिवसांना एक वेग आला. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, चहा, निवेदनं. काही दिवस सकाळी लक्षवेधींसाठी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनांसाठी) विशेष बैठक, मग प्रश्नोत्तरांचा तास, मग बाकीचं कामकाज, आणि मधल्या प्रत्येक फटीत कुणी ना कुणी भेटायला आलेलं. दुपारनंतर मोर्चे. ते यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट अशा ठिकाणी अडवले जातात. अंगणवाडी सेविकांचा संप ४ डिसेंबरपासून चालू होता, जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी आले होते. आपल्या तालुक्यातली माणसं मोर्चात असतील तर आमदारानं तिथं जावंच लागतं, आणि जावंच, असं माझंही मत आहे. रात्रभर एसटीनं प्रवास करून, डबा बांधून आलेल्या बायका दिवसभर रस्त्यावर बसतात. त्यांना आपला माणूस पाच मिनिटं का होईना समोर दिसला पाहिजे. मी मोर्चांची वेळ आणि अडवण्याची जागा आदल्या रात्री लिहून ठेवायचो, कारण रस्ते बंद झाले की गाडीचा उपयोग नसतो, चालतच जावं लागतं.

विधानभवनाच्या आवारात मंत्री, सचिव सगळे एका ठिकाणी सापडतात. मुंबईत ज्या कामाला आठवडा लागतो ते इथं व्हरांड्यात अर्ध्या तासात पुढे सरकतं. मंत्र्यांचा शेरा मिळाला की कार्यकर्ते खूश होतात, पण शेऱ्याशेऱ्यात फरक असतो. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हटलं की कागद बहुतेक जिथला तिथं राहतो. ‘तपासून प्रस्ताव सादर करावा’ आणि खाली तारीख असेल तर कुणाला तरी काही करावं लागतं. शेरा मिळाल्यावर मूळ पत्र संबंधित कार्यासनाला, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाला, पोचवायचं, आपल्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का घ्यायचा आणि वहीत नोंद करायची. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

११ तारखेला, सोमवारी दुपारी वहिनींचा फोन आला. भाऊंच्या आई न्हाणीघरात पडल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. भाऊ सभागृहात होते. मी चिठ्ठी आत पाठवली. ते बाहेर आले, दोन मिनिटं फोनवर बोलले आणि मला म्हणाले, “आपल्या दवाखान्यात नेऊन काही होणार नाही रे. इकडेच आणायला सांग.” तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे निघाला, खुबा मोडलेला दिसला, आणि तिथल्या डॉक्टरांनी इतर कुणालाही लिहून दिली असती तशीच पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली. रात्री साडेदहाला अॅम्ब्युलन्स नागपुरात पोचली.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. खुब्याचा अर्धा सांधा बदलायचा होता. खर्चाचा अंदाज एक लाख साठ हजार. भाऊंनी वहिनींना बँकेतून पैसे काढायला सांगितलं आणि मला बजावलं की दवाखान्यात कुणालाही आमदार म्हणून फोन लावायचा नाही. ते दिवसा सभागृहात, रात्री आईच्या उशाशी. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्या दिवसाचे कागद लावायचो. मुलगी दहावीत, तिची पूर्वपरीक्षा जवळ आलेली. आई-बाबा दोघंही नागपुरात, म्हणून ती मावशीकडे राहत होती. रात्री अकराच्या पुढे तिचे गणितांचे फोटो यायचे. भाऊ राजकारणात येण्याआधी शाळेत शिकवत. ते दिवसाच्या कामकाजपत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूवर वर्गसमीकरण सोडवायचे, पायरी न पायरी लिहून, आणि त्याचा फोटो तिला पाठवायचे. एकदा उत्तर चुकलं तेव्हा तिनं परत पाठवलं आणि ते दोघं पाऊण तास त्यातच होते. त्या आठवड्यात मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं ते तेवढंच.

बुधवारी रात्री मतदारसंघातला एक माणूस दवाखान्यातच भेटायला आला. त्याची आई सहा महिन्यांपूर्वी अशीच पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं नाही, ती अंथरुणालाच खिळली. तो भांडायला आला नव्हता, भाऊंच्या आईसाठी संत्री घेऊन आला होता. पण बोलता बोलता म्हणाला, “भाऊ, तुमच्या माईले नागपूरले आणता आलं. आमच्या माईले आम्ही कुठं न्यावं?” भाऊंनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडून वही मागितली आणि दवाखान्याची पानं सुरुवातीपासून वाचली.

अशा पेशंटसाठी काय करता येतं ते इथंच लिहितो, कारण पीएला रोज हे फोन येतात. आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो आजार आणि तो दवाखाना बसतो का ते बघा. बसत नसेल तर धर्मादाय दवाखाना शोधा; तिथं दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठी रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार. लोक पेशंट भरती झाल्यावर दाखला काढायला धावतात आणि तिथंच दिवस जातात. म्हणून आता आमच्या कार्यालयात फोन आला की पहिला प्रश्न दाखल्याचाच विचारतो.

१३ तारखेला दिल्लीत लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी उड्या मारल्या. त्यानंतर नागपुरातही गॅलरीचे पास एकदम आटले. आमच्याकडून त्याच आठवड्यात महिला बचत गटाच्या बायका अधिवेशन बघायला यायच्या होत्या. मी त्यांना निघायच्या आधीच फोन करून खरं ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण गाडीभाडं वाचलं. पासचा शब्द कुणालाही आधी देऊ नका.

गुरुवारी आईंचं ऑपरेशन नीट झालं. भाऊ सकाळी थिएटरबाहेर थांबले आणि डॉक्टर बाहेर येऊन बोलल्यावरच विधानभवनात गेले.

आता सभागृहातल्या कामाचं. दवाखान्याचा तारांकित प्रश्न यादीत आला होता, पण खाली. प्रश्नोत्तरांचा तास संपला तेव्हा वरचेच प्रश्न चालू होते, आणि आमचं उत्तर छापील स्वरूपात हातात आलं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) पदनिर्मितीचा प्रस्ताव सादर करण्याची कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. मी खचलो. दीड महिन्याच्या धावपळीचं फळ म्हणजे चार ओळी. भाऊंनी मात्र ते उत्तर दोनदा वाचलं आणि म्हणाले, आता निदान कळलं की प्रस्ताव मंत्रालयात पोचलेलाच नाही. इतके दिवस आम्ही मुंबईला पत्रं पाठवत होतो आणि कागद जिल्ह्याच्या पातळीवरच, मनुष्यबळाच्या एका तक्त्यासाठी अडकून पडला होता. त्याच विषयाची लक्षवेधी एके दिवशी कामकाजपत्रिकेत लागली, पण तिची पाळी यायच्या आत सभागृह दिवसापुरतं तहकूब झालं. तेव्हा भाऊंनी संबंधित अधिकाऱ्यांना व्हरांड्यातच गाठलं, हातात छापील उत्तर दिलं, आणि तक्ता कुणी, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा एवढंच विचारलं. मी तिथंच वहीत तारीख लिहिली.

अवकाळीवर विधानसभेच्या नियम २९३ अन्वये, म्हणजे सदस्यांच्या प्रस्तावावर, चर्चा होती. बोलणारे खूप, त्यामुळे नावं पुकारत पुकारत रात्र झाली. मी भाऊंसाठी चार पानांचं टिपण केलं होतं. त्यांनी त्यातलं एक पान ठेवलं. नवीन पीएंनी हे लक्षात ठेवावं: रात्री मिळणारी वेळ फार थोडी असते, घंटा वाजते आणि पुढचं नाव पुकारलं जातं. मागणी पहिल्याच वाक्यात आली पाहिजे. भाऊ बोलले ते मदतीच्या मर्यादेवर. आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे दोन हेक्टरपर्यंत आणि जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, एवढ्यात वेचणीची मजुरीही निघत नाही, ही मर्यादा तीन हेक्टर करा आणि दर वाढवा. ही मागणी त्यांची एकट्याची नव्हती, दोन्ही बाजूंच्या कितीतरी सदस्यांनी तीच मांडली. नंतर १ जानेवारी २०२४ चा शासन निर्णय निघाला: तीन हेक्टरपर्यंत, जिरायतीला हेक्टरी १३,६००, बागायतीला २७,०००, बहुवार्षिक पिकांना ३६,००० रुपये. त्याची प्रत मी त्याच दिवशी सगळ्या सरपंचांना पाठवली, कारण दर कागदावर दिसल्याशिवाय खात्यात किती यायला हवेत हे शेतकऱ्याला कळत नाही.

शनिवारी, १६ तारखेला, भाऊ रात्रीतून मतदारसंघात आले. पंचनामे राहिलेली गावं, एक दशक्रिया, मुलीची भेट. रविवारी सकाळी बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाल्याची बातमी आली. नऊ कामगार गेले, त्यात बहुतेक बायका. अमरावती रोडनं परतताना आम्हाला त्याच गावावरून यावं लागलं. रस्त्याच्या कडेला माणसांची गर्दी होती. नागपूर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

२० तारखेला अधिवेशन संपलं. लोकांना वाटतं आता आमदार मोकळे. आमचं सगळ्यात कष्टाचं काम त्यानंतर सुरू झालं. आईंना घरी आणलं, खोलीत उंच खुर्ची आणि वॉकर आला. भाऊ सकाळी अर्धा तास स्वतः त्यांना धरून चालवायचे. तेवढा वेळ फोन माझ्याकडे असायचा आणि तो द्यायचा नाही असं ठरलं होतं. मग आमदार निधी. वर्षाला ५ कोटी, आणि मार्चअखेर जवळ येत होता. आमदारानं पत्र दिलं म्हणजे काम झालं असं नसतं: पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात, मग यंत्रणेकडून अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, मग निविदा किंवा कामवाटप. जागेचा सातबारा किंवा नमुना आठ आणि ग्रामपंचायतीचा ठराव पत्रासोबतच जोडला तर एक-दोन महिने वाचतात. आमची निम्मी कामं जागेच्या कागदावर अडली होती, ती मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव जाऊन सोडवली.

अधिवेशनातल्या प्रत्येक विषयाचं पाठपुराव्याचं पत्रही याच आठवड्यात काढा. त्यात उत्तराचा क्रमांक, तारीख आणि नेमकी वाक्यं उतरवून घ्या. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला असेल तर तो आश्वासन म्हणून नोंदला जातो आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. पण आपण विचारत राहिलो तर लवकर हलतं. जानेवारीत बसलं की तोंडी बोलणी कुणालाच नीट आठवत नाहीत.

मनुष्यबळाचा तक्ता ठरलेल्या तारखेनंतर चार दिवसांनी गेला. मी तो घ्यायला स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी थांबलो होतो. त्यानंतर प्रस्ताव मंत्रालयात गेला आणि पदांच्या मंजुरीसाठी तो उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जायचा होता. दर सोमवारी सकाळी अकरा वाजता मी कार्यासनाला फोन करायचो आणि उत्तर उजव्या पानावर लिहायचो. अर्थसंकल्पी अधिवेशन २६ फेब्रुवारी २०२४ पासून मुंबईत होतं. तोवर काही झालं नाही तर म्हणून याच विषयाचा नवा प्रश्न तयार ठेवला होता, या वेळी छापील उत्तराची प्रत जोडून.